गृहपाठ नेमका कुणाचा?

मुलुंड पश्चिमेला स्टेशनवरून घरी येताना वाटेत स्टेशनरीचं एक दुकान लागतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, पासपोर्ट फोटो, सगळं एकाच गाळ्यात. रात्री साडेनऊनंतर तिथे गर्दी होते ती पालकांची. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, पाठीला लॅपटॉपची सॅक, नुकतंच लोकलमधून उतरल्याच्या खुणा अंगभर, आणि तोंडात एकच प्रश्न : ‘आइस्क्रीमच्या काड्या आहेत का?’ दुकानदार काही न विचारता पन्नास काड्यांचं पाकीट पुढे सरकवतो. कोऱ्या करकरीत काड्या, आइस्क्रीमचा थेंबही न लागलेल्या. उद्या वर्गात ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’ असतं. टाकाऊतून टिकाऊ करायचं, म्हणून आधी टाकाऊ विकत आणायचं.

हसण्याचा अधिकार मला नाही. असं पाकीट मीही घेतलेलं आहे. मुलगा तिसरीत होता. काड्यांचं पेनस्टँड करायचं होतं आणि तो साडेआठलाच झोपून गेला होता. मी रात्री बारापर्यंत फेविकॉल लावत बसले. कडेने लेस लावली, वर टिकल्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी पोरगा घरी आला, दप्तर टाकलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, ‘आई, तुला स्टार मिळाला.’ तो आता कॉलेजात आहे आणि हा प्रसंग विसरलाही आहे. मी विसरलेले नाही, कारण त्या एका वाक्यात उपनगरातल्या गृहपाठाचा सगळा कारभार आला होता. काम मुलाच्या नावावर, करणार आई, आणि स्टार कुणाचा हे फक्त मुलालाच कळलेलं.

गृहपाठ किती असावा, हे कागदावर केव्हाच ठरून गेलं आहे. १९९३ साली प्रा. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या मजकुराचं ओझं मुलांना अधिक चिरडतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुढे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने तर तासच मोजून दिले. पहिली-दुसरीला गृहपाठ अजिबात नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला तासभर, नववीपासून पुढे दोन तास. पहिली-दुसरीच्या मुलांनी काल संध्याकाळी घरी काय केलं, काय खेळले, काय खाल्लं हे वर्गात सांगावं, एवढीच त्या धोरणाची अपेक्षा आहे. इतकं साधं, शहाणं कलम सरकारी कागदात क्वचित सापडतं.

आता कुठल्याही सोसायटीत पहिलीतल्या मुलाची वही उघडून बघा. याचं खापर एकट्या शाळेवर फोडायला मी तयार नाही. ओपन डेला शिक्षिकेसमोर बसून ‘होमवर्क जरा कमीच देता तुम्ही’ म्हणणारे पालक मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. ज्या शाळेत गृहपाठ कमी ती शाळा ढिली, असा आपला हिशेब असतो. फीचे पैसे वह्या भरलेल्या दिसल्या की वसूल झाल्यासारखे वाटतात. ‘आम्ही द्यायचं बंद केलं, तर आई-बाबाच बाहेरून वर्कशीट आणतात,’ असं एक बाई मला म्हणाल्या होत्या आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

गृहपाठाने खरंच काही साधतं का, यावर परदेशात पुष्कळ काम झालं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र करून तपासले. माध्यमिक वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, प्राथमिक वर्गांत तो जवळजवळ नाहीच, असं त्यांना आढळलं. त्याच गटातल्या एरिका पॅटॉल यांनी २००८ मध्ये पालकांच्या मदतीचा असाच ताळा मांडला. पालक जवळ बसून उत्तरं तपासतात त्यापेक्षा अभ्यास कधी आणि कुठे करायचा याचा नियम घरात पाळतात, त्याचा उपयोग अधिक दिसला. भाषेत पालकांची मदत कामी येत होती. गणितात उलट चित्र होतं.

गणिताचं हे कोडं थोडं आणखी सुटलं ते २०१५ मध्ये. शिकागो विद्यापीठातल्या एरिन मॅलोनी, शिअन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीतली ४३८ मुलं वर्षभर पाहिली. ज्या आई-वडिलांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे तरीही वारंवार मुलाला गणिताच्या गृहपाठात मदत करायचे, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि धास्ती मात्र त्यांनी उचलली. तशाच धास्तावलेल्या पण फारशी मदत न करणाऱ्या पालकांच्या मुलांचं काही बिघडलं नव्हतं. हे वाचल्यावर मला आमच्या इमारतीतला रात्री नऊचा आवाज आठवला. ‘अरे हातचा कुठे गेला? हातचा!’ तो आवाज चौथ्या मजल्यावरून येतो आणि तळमजल्यावरच्या मुलांच्याही पोटात गोळा येतो.

हे सगळे निष्कर्ष अमेरिकेतले, स्वतंत्र खोली आणि स्वतःचं टेबल असलेल्या मुलांचे. ते अंधेरी-घाटकोपरच्या घरांवर जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. आपल्याकडे पहिला अडसर येतो जागेचा आणि दुसरा वेळेचा. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला जाणारे आई-बाबा घरी पोचतात तेव्हा मूल पाळणाघरातून येऊन, जेवून, टीव्हीसमोर लवंडलेलं असतं. बऱ्याच घरांत गृहपाठ पाळणाघराच्या काकूच करून घेतात, म्हणजे फळ्यावर उत्तर लिहितात आणि सहा मुलं एकदम उतरवतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) जुन्या इमारतीतलं घर २२५ चौरस फुटांचं. त्यात पाच माणसं, एक टीव्ही, एक शेगडी. तिथे ‘मुलाला शांत, प्रकाशमान अभ्यासाची जागा द्या’ हा सल्ला देणाऱ्याला आधी त्या घरात तासभर बसवावं.

मुंबईने यावर स्वतःचा तोडगा काढला : अभ्यासिका. महापालिकेच्या, गणेश मंडळांच्या, देवळाच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या, नगरसेवकाच्या नावाची पाटी मिरवणाऱ्या. पाटीकडे दुर्लक्ष करावं, आतला पंखा आणि ट्यूबलाइट महत्त्वाची. चाळीत आणि वस्तीत राहून शिकलेल्या किती जणांनी तिथे रात्री काढल्या आहेत. पण अभ्यासिकेत गर्दी असते ती दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षावाल्यांची. तिसरीतल्या मुलाला तिथे कुणी बसू देत नाही आणि तो बसणारही नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई भांडुपच्या टेकडीवर राहतात. घर एका खोलीचं, वर पोटमाळा. मुलगा सहावीत, सेमी इंग्रजीत. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या, गावाकडे, मराठीत. एकदा बोलता बोलता त्यांनी संध्याकाळचा बेत सांगितला. साडेसात ते सव्वाआठ टीव्ही बंद, सासूबाईंची मालिका असली तरी. दिव्याखाली पाट टाकायचा, पाटावर वही. ‘मेथी निवडायची असली की मी मुद्दाम तेव्हाच घेते. त्याला वाटतं आई बसलीय, म्हणून तोही बसतो.’ पॅटॉलबाईंचं नाव ताईंनी ऐकलेलं नाही, पण वेळ आणि जागेचा नियम त्यांनी पाटाएवढ्या जागेत बसवून दाखवला आहे.

पुढचं अधिक ऐकण्यासारखं. विज्ञानाचा धडा इंग्रजीत, त्यामुळे ताईंना वाचता येत नाही. मग त्या म्हणतात, ‘काय लिहिलंय ते मला मराठीत सांग.’ एका संध्याकाळचा संवाद त्यांनी मला जसाच्या तसा करून दाखवला.

‘झाडं स्वतःचं जेवण स्वतः बनवतात.’

‘कशाचं?’

‘उन्हाचं.’

‘उन्हाचं जेवण? मग चूल कुठेय त्यांची?’

पोराला उत्तर येईना. त्याने पुस्तक परत उघडलं, पान शोधलं, ‘पानातच असते चूल’ म्हणाला. मग पाणी कुठून येतं, हवा कुठून येते, हे आईने विचारायच्या आत स्वतःच सांगत सुटला. ताईंना त्यातलं किती कळलं हा प्रश्न गौण आहे. पोराला कळलं. इंग्रजी येणाऱ्या आईने तिथे ‘फोटोसिंथेसिस’चं स्पेलिंग पाच वेळा लिहून घेतलं असतं. मी घेतलं आहे.

उपनगरातल्या मराठी पालकांची सगळ्यात मोठी अडचण भाषेचीच आहे आणि तिच्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. आपण मराठी शाळेत शिकलो, मूल इंग्रजी शाळेत घातलं, आणि दुसरी-तिसरीपासून त्याची पुस्तकं आपल्याला परकी झाली. मग दोन वाटा उरतात. पहिली शिकवणीची. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत देशातली २७ टक्के विद्यार्थी मंडळी खासगी शिकवणी घेताना आढळली, शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के होतं. शाळेतल्या शिक्षकांनी खासगी शिकवण्या घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने मनाई आहे. पण शेजारच्या इमारतीतल्या ‘टीचर’ना कुठला कायदा लागू होत नाही, आणि पहिलीपासून ‘ऑल सब्जेक्ट्स’च्या पाट्या घाटकोपरपासून दहिसरपर्यंत जिन्याजिन्यांत लटकतात. अशा शिकवणीत होतं काय? शाळेचा गृहपाठ उरकला जातो, वर शिकवणीचा गृहपाठ मिळतो. मूल दोन शाळांत जातं आणि खेळायला एकाही शाळेतून वेळेत सुटत नाही.

दुसरी वाट ताईंची. ती कुणालाही चालता येते. शिकवायचं नाही, शिकून घ्यायचं. ज्याला येत नाही त्याला समजावून सांगताना आपल्याला किती येतं हे उघडं पडतं, हा अनुभव कुठल्याही शिक्षकाला विचारा. इंग्रजी न येणारी आई या बाबतीत इंग्रजी येणाऱ्या आईपेक्षा वरचढ ठरते, कारण तिचा प्रश्न खरा असतो, नाटकी नसतो. घरात मराठी बोलल्याने मुलाचं इंग्रजी कच्चं राहतं या समजुतीने आपलं फार नुकसान केलं आहे. चूल पानात असते हे मराठीत कळलेल्या मुलाला इंग्रजी शब्द नंतर चिकटवायला पाच मिनिटं लागतात.

पद्धत बदलली की पालक किती बिथरतात, हे २०१९ च्या जूनमध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि एकच गहजब झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने समजावत होत्या. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी. त्यात जोडाक्षरांचा खडखडाट. लहान मुलं तिथे अडखळतात. बाहेरच्या काही भाषांत दशक आधी उच्चारतात. जुने शब्द काढलेले नाहीत, नवा पर्याय दिला आहे. ऐकायला कुणाला वेळ होता? विनोद फिरत राहिले. मला त्या वादात गंमत वाटली ती वेगळीच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ असलेली शेवटची पिढी म्हणजे आमचे आजोबा. ते पाढे गेले तेव्हा कुणी रडलं नाही. पण आपल्याला जसं शिकवलं त्यापेक्षा वेगळं मुलाला शिकवलं, की आपल्या हातातली मदतीची काठीच कुणी काढून घेतल्यासारखं वाटतं. खरं तर अशा वेळी मुलालाच विचारावं, ‘तुमच्या बाईंनी कसं सांगितलं ते दाखव.’ माझी रीत, तुझी रीत, दोन्हींचं उत्तर एकच का येतं? हा एक प्रश्न अख्ख्या वर्कशीटला भारी पडतो. नारळीकर बाईंचंच ‘गणितगप्पा’ हे पुस्तक घरात असावं असं आहे, आणि त्यातला ‘गप्पा’ हा शब्द आधी पालकांनी मनावर घ्यावा.

करोनाकाळाबद्दल थोडंच लिहिते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवीपासूनच्या मुलांसाठी त्या ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडल्या आणि लहानग्यांसाठी डिसेंबरात. मधल्या काळात वर्ग आपल्या स्वयंपाकघरात आला. शिक्षिकेने प्रश्न विचारला की चौकटीच्या कडेने एक कुजबुज यायची आणि मूल उत्तर द्यायचं. ती कुजबुज आपली होती. शाळा पुन्हा उघडल्या तरी ती थांबली नाही, व्हॉट्सॲपवर गेली. वर्गाच्या ग्रुपवर रात्री दहाला ‘उद्या काय आहे?’, ‘डायरीचा फोटो टाका ना कुणीतरी’, ‘पान ३४ की ३५?’ असा ओघ सुरू होतो. डायरी लिहून आणण्याचं काम मुलाचं होतं, ते मातामंडळाने परस्पर उचललं. विसरल्याची किंमत मुलाला मोजावीच लागत नाही, मग त्याने लक्षात तरी का ठेवावं? एकदा वही राहू द्यावी, एकदा बाईंचं ऐकून घेऊ द्यावं. तिसरीत विसरलेल्या वहीने कुणाचं आयुष्य अडलेलं नाही.

आता प्रकल्पांकडे वळते, कारण मुंबईपुरतं बोलायचं तर या विषयाची खरी कसोटी तिथे लागते. ‘होमी भाभा’ हे नाव मुलुंड, बोरिवली, पार्ले इथल्या मराठी घरांत शास्त्रज्ञापेक्षा परीक्षेचं नाव म्हणून जास्त उच्चारलं जातं. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची ही बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प. कल्पना फार चांगली : मुलाने आपल्या अवतीभवतीचा प्रश्न घ्यावा, स्वतः मोजमाप करावं, निष्कर्ष काढावा, परीक्षकांसमोर मांडावा. शिक्षकांच्या एका संघटनेने एवढी वर्षं हे चालवलं, याचं मोल मोठं आहे. पण स्पर्धेभोवती क्लास उगवले, क्लासमध्ये तयार विषय आले, आणि प्रकल्पवहीतलं अक्षर मुलाचं, वाक्यं क्लासच्या सरांची, आलेख बाबांच्या एक्सेलमधला, असा त्रिवेणी संगम होऊ लागला. परीक्षकही काही कालचे नसतात. मुलाखतीतला दुसराच प्रश्न ‘हे तू कसं मोजलंस?’ असा आला की संगम आटतो.

आमच्या इमारतीत सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर एक मुलगी राहते. सहावीत तिने गळक्या नळाचा विषय घेतला. गॅलरीतल्या नळाखाली पेला ठेवायचा आणि भरायला किती मिनिटं लागतात ते लिहायचं. पहिल्या दिवशी सकाळी अकरा मिनिटं, संध्याकाळी चौदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिच्या आईला घोर लागला. वही घेऊन माझ्याकडे आल्या, ‘आकडे जुळत नाहीत हो. सगळीकडे बारा लिहू का?’ मी म्हटलं, थांबा, तिलाच बोलवा. पोरीला विचारलं, फरक का पडत असेल? तिला माहीत नव्हतं. मग तिने वॉचमनकाकांना गाठलं. टाकी पहाटे भरतात, संध्याकाळपर्यंत ती उतरते. टाकी तिच्या डोक्यावरच, म्हणून पाण्याची उंची जरा कमी झाली तरी तिच्या नळाला ते कळतं. मग ती पेला घेऊन पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे गेली, तिथल्या नळाचा वॉशर आजींच्या परवानगीने सैल केला आणि सकाळ-संध्याकाळ मोजलं. तिथे फरक जवळजवळ नव्हता. आईने पेन्सिलीने बारा-बारा लिहून टाकलं असतं, तर पोरीच्या हाती लागलेलं सगळं विज्ञान खोडरबराने पुसलं गेलं असतं. तिला पदक मिळालं नाही. वॉचमनकाका मात्र अजून तिला ‘टाकीवाली’ म्हणतात.

चुकीचा आकडा, वाकडी रेघ, जांभळा हत्ती हे पाहून पालकाचा हात शिवशिवतो. तो हात मांडीखाली दाबून बसणं ही मदतीतली अवघड गोष्ट आहे.

सर्जनशीलतेच्या बाबतीत तर तो हात दुपटीने शिवशिवतो. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा शासकीय परीक्षा आहेत. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात सात गुण वाढतात, ‘ब’ला पाच, ‘क’ला तीन. गुण वाढवून कलेला मान द्यावा हा हेतू चांगलाच आहे. त्यातून घडलं हे, की पाचवीत चित्र काढणं थांबवलेल्या मुलाला आठवीत अचानक चित्रकलेच्या क्लासला घातलं जातं, तेच ठरावीक स्थिरचित्र, तेच ठरावीक संकल्पचित्र पाठ करून घेतलं जातं, आणि दाखला हाती आला की रंगपेटी माळ्यावर. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. आवडीने चित्रं काढणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. त्यांनी काढली, त्यांना मिळालं. पण नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रांकडे वळली. आधी न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. आपण उपनगरांत हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करतो आहोत, फक्त नोंदी ठेवत नाही.

या बाबतीत एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे अभियंता, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षं कचऱ्यातून खेळणी केली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून त्रिकोण, घन, घुमट. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं खेळणं मोडलं तरी बिघडत नाही, कारण ते मोडून बघायलाच केलेलं असतं. कपाटात ठेवलेल्या आमच्या पेनस्टँडशी त्याची तुलना करा. गंमत म्हणजे शोधिकेच्या इमारतीला पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाचा हातभार लागला, आणि ‘पुलस्त्य’ हे तिचं नावही त्यांच्यावरूनच आलं. पुलं आमच्या उपनगरांतलेच, पार्ल्याचे, १९२१ मध्ये सुरू झालेल्या पार्ले टिळक विद्यालयाचे विद्यार्थी. पेटी, नकला, नाटक यातलं काहीच त्यांच्या गुणपत्रिकेत मावणारं नव्हतं.

पार्ल्यात १९२३ पासून लोकमान्य सेवा संघ उभा आहे, त्याचं ग्रंथालय आहे. गोरेगावला चित्रनगरीला लागून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) संवर्धन शिक्षण केंद्र आहे. बोरिवलीकरांच्या दारात तर अख्खं राष्ट्रीय उद्यान. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुलं विज्ञान कशी शिकतात याचाच अभ्यास करतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत. ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य २०१८ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा मुलांइतकेच त्यांचे आई-बाबा चेटकिणीला घाबरून किंचाळत होते. म्हणजे साधनांची वानवा नाही. वानवा आहे ती रिकाम्या रविवारची. सकाळी अबॅकस, मग कराटे, दुपारी ओरिगामी वर्कशॉप, संध्याकाळी वाढदिवस. कंटाळा यायला मुलाला सवडच नसते, आणि कंटाळ्याशिवाय घरातल्या खोक्याचं जहाज होत नाही.

‘आज शाळेत काय शिकलास?’ या प्रश्नाला जगातलं प्रत्येक मूल ‘काही नाही’ म्हणतं. आमच्याकडे ‘आज वर्गात कोण रडलं?’ हा प्रश्न चालायचा. त्यातून भूगोलापर्यंत पोचायला कधी कधी वीस मिनिटं लागत, पण पोचायचो.

परवा संध्याकाळी सीएसएमटीहून लेडीज डब्यात बसले होते. समोरच्या बाईंनी घाटकोपर गेल्यावर फोन लावला, स्पीकरवर, कारण दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. पलीकडून एक बारीक आवाज. ‘मम्मा, पक्षी रात्री कुठे झोपतात, असं लिहायचंय. उत्तर सांग.’ बाई म्हणाल्या, ‘घरट्यात’. मग स्वतःच थबकल्या. शेजारची म्हणाली, ‘छे हो, घरटं पिल्लांपुरतं. आमच्या स्टेशनबाहेर पिंपळावर बघा संध्याकाळी, कावळ्यांची सभा असते.’ दारातली एक म्हणाली, ‘आमच्या चिमण्या दुकानाच्या पाटीमागे झोपतात, ट्यूबलाइटच्या उबेला.’ कबुतरं ग्रिलवर यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सगळ्यांनी कबुतरांना शिव्याही घातल्या. घुबड मग दिवसा कुठे जातं, हे कुणालाच माहीत नव्हतं. फोनमधला आवाज म्हणाला, ‘मम्मा, मी नक्की काय लिहू?’

‘काही लिहू नको अजून,’ बाई म्हणाल्या. ‘बॅटरी काढून ठेव. भांडुप गेलं, मी आलेच. दोघं खाली जाऊन बघू.’